कोठीच्या खोलीतली पाहुणी

लाइट गेलेत, तरी आतून ही घरघर येतेय ना, ती त्याचीच. घरातला इन्व्हर्टर मी फक्त त्याच्यासाठी ठेवलाय. आपण कंदिलावर भागवू. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, नाहीतर हा विषय मी हल्ली कुणाकडे काढत नाही. लेकीकडे तर अजिबातच नाही.

सांगलीला मी गेले होते ती एक जुना सर्व्हर आणायला. सर्व्हर म्हणजे दवाखान्यात, बँकेत एका कोपऱ्यात दिवसरात्र चालू असणारा दणकट संगणक. सगळ्यांचं काम तो सांभाळतो आणि बंद पडेपर्यंत त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. घरातल्या बायकांसारखाच, असं मी नोकरीत असताना म्हणायचे आणि आमचे साहेब ते हसण्यावारी न्यायचे. दूध संघाच्या संगणक विभागात माझी उमेदीची सगळी वर्षं गेली, त्यामुळे असल्या यंत्रांची मला भीती नाही. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं ऐकताना तुम्ही मला भित्री समजणार नाही.

सर्व्हर हवा होता सुभेदारांसाठी. सुभेदार म्हणजे माझे यजमान, मानसिंग. सगळी नोकरी फौजेच्या सिग्नल्समध्ये, उत्तरेकडे. निवृत्त होऊन इथे फलटणला मळ्यात आले, ऊस लावला, आणि मागच्या श्रावणात बांधावर बसल्या बसल्या गेले. पाणी पाजत होते. पाणी दुसऱ्याच्या रानात गेलं तेव्हा लोकांना कळलं.

त्यांना टाइप करायचा भारी कंटाळा. बोटं जाड आहेत म्हणायचे. म्हणून पोस्टिंगवरून ते मला आवाजाचे निरोप पाठवायचे, आणि पुढे सवयच लागली म्हणून शेतातूनसुद्धा पाठवायचे. ते सगळे निरोप माझ्या जुन्या फोनमध्ये होते. दुसरीकडे कुठेच नाहीत. आणि त्या फोनची बॅटरी फुगून पाठ उघडायला लागली होती.

सोनम, आमची लेक, बेंगळुरूला असते. ती म्हणाली, "आई, ऑनलाइन टाकून दे सगळं. कुठूनही ऐकता येईल."

मला ते पटेना. आपला नवरा लोकांच्या घरी कशाला ठेवायला द्यायचा? मी ठरवलं, घरातच एक यंत्र बसवायचं. त्यात दोन डिस्का घालायच्या, एकीवर लिहिलं की दुसरीवर आपोआप उमटेल अशा. म्हणजे एक बिघडली तरी दुसरी आहे. घराच्या वायफायवर ते यंत्र जोडलं की स्वयंपाकघरात बसून सुभेदारांचा आवाज ऐकता येईल. नवे छोटे डबे मिळतात त्यासाठी, पण मला जुना सर्व्हरच हवा होता. असली यंत्रं आपली चूक आपणच धरतात आणि दुरुस्त करतात. माणसांत हा गुण मी फारसा पाहिला नाही.

सांगलीत अमृत म्हणून एक पोरगेला माणूस आहे, जुने संगणक विकतो. त्याने तो सर्व्हर टेबलावर ठेवला आणि चालू करून दाखवला. पंख्यांचा असा आवाज झाला, की बाहेरचा चहावाला आत डोकावून गेला.

"ताई, घरात ठेवणार ह्यो?" अमृत ओरडून म्हणाला. "आवं, आवाज लय हाय ह्येचा."

"असू दे. घरात दुसरा आवाज नाहीच."

त्याने सर्व्हर बंद केला. मग म्हणाला, "दवाखान्यातनं आलाय. बंद पडला त्यो दवाखाना. खाटंजवळ बटन असतंय बघा, दाबून नर्सला हाक मारायची, बोलायचं... त्यो सगळा कारभार ह्येच्यावर चालायचा. डिस्का मालकानं काढून घेतल्यात. आत काय न्हाई. रिकामा हाय."

"मला रिकामाच पाहिजे," मी म्हटलं.

तासगाव, विटा, मायणी, दहिवडी करत मी एकटीच गाडी चालवत परत आले. मागच्या सीटवर तो, गोधडीत गुंडाळलेला. पूर्वी अशा लांबच्या प्रवासात सुभेदार शेजारी बसून प्रत्येक वळणावर सूचना द्यायचे आणि मी चिडायचे. आता कुणी सूचना देत नव्हतं, आणि विट्याच्या पुढे मी एकदा चुकीच्या रस्त्याला लागले.

ह्या घरात एक कोठीची खोली आहे. जाड भिंती, छोटी खिडकी, पूर्वी ज्वारीची पोती असायची. तिथे थंड राहतं म्हणून सर्व्हर तिथे बसवला. आधी उघडून पुसला. आतली धूळ जुन्या यंत्रांत असते तशीच, करडी, मऊ. पण वास धुळीचा नव्हता. दवाखान्याची फरशी पुसल्यावर येतो तसला, फिनेलचा, आणि त्याच्याखाली उकळलेल्या दुधासारखा काहीतरी. दोनदा स्पिरिटने पुसलं तरी तो गेला नाही. नव्या डिस्का घातल्या, निरोप एकेक करून उतरवले, आणि त्याच आठवड्यात जुना फोन कायमचा झोपला. दुरुस्तीवाल्याने नुसती मान हलवली. वेळेवर उतरवले म्हणून समाधान वाटलं. सुभेदार घरात होते.

तेव्हा ऊस तुटायचा होता. चारी बाजूंनी उभा, घराच्या छपराच्या वर. साखर कारखान्याचा हंगाम सुरू झालेला, दिवसभर मळीचा गोडसर आंबूस वास. वारा सुटला की पाचट एकमेकांवर घासायचं आणि कुणी अनवाणी चालत येतंय असं वाटायचं. पहिले काही दिवस मी उठून बघायचे. मग सोडून दिलं. येणार कोण होतं?

दुपारचं जेवण मी त्यांच्यासोबत घ्यायला लागले. ताट वाढायचं, टॅबलेटवर निरोप लावायचा.

"क्रांते, जेवलीस का?"

बहुतेक निरोप असाच सुरू व्हायचा. मग ते थोडं थांबायचे. समोर मी नाही, फोन आहे, हे त्यांच्या लक्षातच राहायचं नाही. उत्तराची वाट बघितल्यासारखे थांबायचे आणि मग म्हणायचे, "बरं. मी जेवलो. लंगरला राजमा व्हता. उद्या ड्यूटी हाय, फोन लागायचा न्हाई. काळजी करू नगं."

लंगर म्हणजे फौजेतली खानावळ. त्यांच्या त्या थांबण्यात मी उत्तर द्यायचे. "बसलेय बघा जेवायला." हसू नका. एकटं राहून बघा म्हणजे कळेल.

असंच एका दुपारी जेवत होते. सुभेदारांनी विचारलं, "जेवलीस का?" आणि त्या थांबण्यात कुणीतरी खोकलं. म्हातारं, कोरडं खोकणं. मला वाटलं दारात कुणी आलंय. घास हातात होता, मान वर न करताच मी म्हटलं, "या जेवायला."

आपल्याकडे हे तोंडातून निघतंच. जेवताना कुणी आलं की म्हणायचं, आणि समोरच्याने "बसा, होऊ द्या" म्हणायचं. दोघांचाही मान राहतो आणि कुणाला उठावं लागत नाही. त्या दिवशी "होऊ द्या" काही आलं नाही. मी मान वर केली. दार उघडं होतं, अंगणात ऊन होतं, आणि कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तोच निरोप लावला. खोकला नव्हता. पण त्या थांबण्यात कुणीतरी श्वास घेत होतं. मोठ्या कष्टाने, छातीतून घेतात तसा. मी आवाज वाढवला. सुभेदार म्हणाले, "बरं. मी जेवलो."

मी ह्याला खराबी म्हटलं. यंत्राच्या सगळ्या तपासण्या केल्या. एकही चूक सापडली नाही. दोन्ही डिस्का शब्दाला शब्द सारख्या.

त्याच सुमाराला शेजारच्या मोकळ्या रानात मेंढ्या बसवायला आलेली हरणाबाई पाण्याची घागर भरायला आली. दरवर्षी येतात ते लोक, माणच्या बाजूने. खताला मेंढ्या बसवतात आणि पुढे जातात. घागर भरून ती तिथेच उभी राहिली, कोठीकडे बघत.

"वैनी, पावणी आलीया व्हय?"

"कोण पाहुणी?"

"म्हातारी कोणतरी कन्हतीया की आत."

"मशीन आहे ते. पंखे आहेत आत."

हरणाबाईने घागर डोक्यावर घेतली. "मशीन पानी मागतंय व्हय, वैनी?" एवढंच म्हणाली आणि गेली. नंतर ती पाणी न्यायला पलीकडच्या विहिरीवर जायला लागली.

त्या संध्याकाळी, दिवेलागणीला, मी मुद्दाम कोठीत जाऊन बसले. यंत्राचे हिरवे दिवे, पंख्यांची घरघर, तो दुधाचा वास. टॅबलेट मांडीवर ठेवला.

"क्रांते, जेवलीस का?"

"न्हाई रं बाबा..." बाईचा आवाज. म्हातारा, फुटलेला, अगदी जवळून, खाटेजवळच्या बोलायच्या डब्यात तोंड घालून बोलावं तसा. "कुणी इचारलंच न्हाई..."

"बरं. मी जेवलो. लंगरला राजमा व्हता."

"व्हय का... लेकरा, लाइट लावतंस का जरा... लय येळ झाली बटन दाबतीया..."

"उद्या ड्यूटी हाय, फोन लागायचा न्हाई. काळजी करू नगं."

सुभेदारांचा शब्दन् शब्द जुनाच होता. ती बाई त्यांच्या शब्दांच्या मध्ये जागा करून बसली होती. मी टॅबलेट बंद केला, तरी पंख्यांच्या घरघरीत ती कन्हत असल्यासारखं वाटत राहिलं. त्या रात्री मी कोठीला बाहेरून कडी घातली.

पण खरं सांगू? दोन-चार दिवसांनी भीतीपेक्षा मला राग जास्त आला. कारण सुभेदार बदलायला लागले. ते सगळे निरोप मला तोंडपाठ होते. कुठे खाकरतात, कुठे हसतात, कुठे मागे गाडीचा हॉर्न वाजतो. आणि आता ते वेगळंच बोलत होते.

"जेवलीस का?" च्या जागी एका दुपारी ते म्हणाले, "आवं मावशी, जेवलात का?"

ती म्हणाली, "तू जेव रं. तुज्या मागं ड्यूटी हाय."

आणि ते हसले. त्यांचं ते खास हसणं, नाकातून सुरू होणारं. माझ्यासाठी हसायचे ते.

मेल्यावरसुद्धा ह्या माणसाची लोकं गोळा करायची खोड गेली नव्हती. जिवंतपणी हेच. रस्त्यावरचा कुणीही घरी घेऊन यायचे आणि मला डोळ्यांनी खुणवायचे, चहा टाक. आता मी स्वयंपाकघरात ताट वाढून बसायचे आणि ते दोघं आपसात बोलायचे. तिच्या पायाला सूज आहे. तिचा मुलगा येतो म्हणून गेला तो आलाच नाही. खिडकीबाहेर लिंबाचं झाड होतं. सुभेदार सगळं विचारत होते, ऐकत होते. निरोप लांबत चालले होते. एकाही निरोपात "क्रांते" राहिलं नाही. मी ते नाव सगळ्या निरोपांतून शोधत बसले, दुपारभर. नव्हतं.

मी टॅबलेटवर ओरडले. "माझा नवरा आहे तो!" रिकाम्या घरात ते इतकं मोठं ऐकू आलं, की मलाच लाज वाटली.

मग मी शहाणपणाने वागायचं ठरवलं. निरोप पेनड्राइव्हवर उतरवून घ्यायचे आणि सर्व्हर पुसून टाकायचा. उतरवले. लावून बघितले. नुसती पंख्यांची घरघर, शेवटपर्यंत. दुसऱ्या पेनड्राइव्हवर, लॅपटॉपवर, सगळीकडे तेच. सुभेदारांचा आवाज फक्त त्या कोठीत होता, तिच्या शेजारी. तिला पुसायचं तर त्यांनाही पुसावं लागणार होतं. बोट बटणापाशी नेऊन मी किती वेळा परत आणलं असेल. एकदा आपलं माणूस गेलं, ते आपल्या हातात नव्हतं. दुसऱ्यांदा आपल्याच हाताने कसं घालवायचं?

शेवटी मी तिच्या बाजूने विचार केला. ती घुसलेली नव्हती. मीच तिला या म्हटलं होतं. बिचारीला कधी कुणी म्हटलंच नसेल, म्हणून तिने "होऊ द्या" म्हटलं नाही. आणि पाहुणा उपाशी असेपर्यंत त्याला जा म्हणता येत नाही. जेवल्यावर मात्र म्हणता येतं.

मी रीतसर स्वयंपाक केला. बाजरीची भाकरी, भरलं वांगं, शेंगदाण्याची चटणी, दूधभात, कारण दात नसतील असं वाटलं. कोठीत पाट मांडला, ताट वाढलं, पाण्याचा तांब्या ठेवला. बाहेर भर दुपार होती, पण त्या खोलीत कधी ऊन येत नाही. मी दारात बसले आणि निरोप लावला.

"मावशी," मी म्हटलं, "जेवा पोटभर. आणि मग... मग आपल्या घरी जा. माझ्याकडे एवढंच आहे हो. एवढंच राहिलंय."

मला रडू आलं. अनोळखी म्हातारीसमोर, यंत्रासमोर, मी पदर तोंडाला लावून रडले. टॅबलेटवर बराच वेळ काहीच नव्हतं. मग ताटलीवर ताटली लागावी तसा बारीक आवाज. समोरचं ताट जसंच्या तसं होतं, तिथे काहीच हललं नव्हतं. आवाज निरोपातून येत होता.

"पोट भरलं गं बाई..." ती म्हणाली. पहिल्यांदाच माझ्याशी. "लय दिसांनी. निगते मी आता..."

मी डोळे मिटून हात जोडले. सुटले, असं वाटलं मला.

आणि सुभेदार म्हणाले, "थांबा मावशी. एकट्या कुठं जाताय ह्या येळंला? मी येतो पोचवायला."

मी "अहो, नको," म्हणून ओरडले. पण त्यांना कधी थांबवता आलंय? पाहुण्याला फाट्यापर्यंत नेऊन एस्टीत बसवल्याशिवाय आणि गाडी हलेपर्यंत उभं राहिल्याशिवाय हा माणूस कधी घरी आला नाही. पायात चप्पल सरकवल्याचा आवाज आला. मग पावलं. एक टाच घासत चालणारं, एक सुभेदारांचं. हळूहळू लांब गेली. मग पाचट घासल्याचा आवाज, आणि मग काहीच नाही.

सगळे निरोप तसेच झाले. कुठलाही लावा, जाणारी पावलं आणि मग शांतता. कोठीतला वास त्याच दिवशी गेला. घर इतकं रिकामं मी कधी पाहिलं नव्हतं. ते गेले तेव्हासुद्धा नाही, तेव्हा निदान माणसं होती भेटायला येणारी. मी स्वयंपाक करणं सोडलं. सोनमला सांगितलं, बरी आहे. रोज संध्याकाळी एक निरोप लावायचा, पावलं लांब जाताना ऐकायची, आणि झोपायचं. यंत्र मात्र बंद केलं नाही. म्हटलं, पोचवायला गेलेला माणूस परत येतो ना?

ऊस तुटला. रान मोकळं झालं. घरातून फाट्यापर्यंतचा रस्ता आता सरळ दिसतो, आणि त्यावर कुणी नसतं.

गेल्या आठवड्यात निरोपातली शांतता लांबली. मी बंद करणार, इतक्यात अगदी शेवटी पावलं ऐकू आली. लांबून. घराकडे येणारी. मी टॅबलेट छातीशी धरला. सुभेदारांची चाल होती, मी शपथेवर सांगेन. दुसऱ्या दिवशी ती आणखी जवळ आली.

पण पावलं त्यांची एकट्याची नाहीत. मागे टाचा घासत येणाऱ्या चपला आहेत. काठी आहे. एक चाकाची खुर्ची आहे, तिचं एक चाक कुरकुरतं. कुणीतरी लहान मूल आहे, ते मधूनच पळतं. आणि सगळेजण खोकतात, दबक्या आवाजात, रात्रीच्या वॉर्डात दुसऱ्याची झोपमोड होऊ नये म्हणून खोकतात तसे. काल संध्याकाळी ते फाटकापर्यंत आले. कडी वाजली. आणि इतक्या दिवसांनी ते म्हणाले...

"क्रांते, माणसं आणलीत गं. उपाशी हायेत सगळी."

तुम्ही बसा, कंदील तुमच्याकडेच राहू द्या. मी चूल पेटवते. फक्त पीठ किती जणांचं काढू, तेवढं मला कळत नाहीये.